नोंद नाही

शनिवार, २८ सप्टेंबर, डार्मश्टाट

तनयाने आज मला शाळेच्या समितीत उभं राहायला सांगितलं. वर्ग संपला होता, मी फळा पुसत होतो. ती दारात टेकून म्हणाली, "अनय, पाचवी जागा रिकामी आहे. तू का नाही उभा राहत?" मी म्हणालो, विचार करतो. विचार कसला करायचा. ती म्हणाली असती खिडकीतून उडी मार, तर कुठल्या, एवढंच विचारलं असतं.

आमची मराठी शाळा दर शनिवारी एका पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये भरते. चौदा मुलं माझ्या वर्गात. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देतात, आणि तरी आमचं भांडण नीट होतं. युनिव्हर्सिटी पाचव्या सेमिस्टरला सोडली, जिम सोडली, गिटार सोडली. ही शाळा दीड वर्षात एकदाही चुकवलेली नाही. तनया शाळेची सेक्रेटरी आहे, हे कारण आहेच. पण तेवढंच नाही.

जाताना ती म्हणाली, "फ्युरुंग्सत्सॉइग्निस लागेल हं. सगळ्यांनाच. दर पाच वर्षांनी नवीन, आणि यंदा पाच वर्षं झाली."

म्हणजे वर्तनाचा दाखला. म्हणजे पोलिसांकडे, कोर्टाकडे तुमच्या नावावर काय आहे त्याचा कागद. मी मान हलवली. फळा तीनदा पुसला.

सोमवार, ३० सप्टेंबर

नियम काढून वाचला. दीनानाथकाकांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, पाच वर्षांपूर्वी शाळा सुरू करताना लिहिलेला. "ज्या व्यक्तीच्या दाखल्यात कोणत्याही गुन्ह्याची नोंद असेल, ती समितीवर राहू शकणार नाही." सरकार एवढं मागत नाही म्हणे. सरकारला मुलांविरुद्धचे, घाणेरडे गुन्हे तेवढे बघायचे असतात. 'कोणत्याही' हा शब्द आपल्या लोकांचा.

आता इथे लिहून टाकतो, कारण आजवर कुठेच लिहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ट्रॅममध्ये तिकीट तपासणारा आला. माझं सेमिस्टर-तिकीट फोनमध्ये होतं आणि फोन बंद पडला होता. तो म्हणाला, खाली उतरा. मी म्हणालो, तिकीट आहे. तो म्हणाला, असं सगळेच म्हणतात. 'सगळेच' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, की मला तसं वाटलं, आता सांगता येत नाही. स्टॉपवर दार उघडलं आणि मी त्याला ढकललं. तो फलाटावर हातावर पडला. मनगट मोडलं. आवाज आला होता.

नंतर कोर्टाचं पिवळं पाकीट आलं. माझा तेव्हाचा रूममेट उज्ज्वल, त्याने वाचून समजावलं. साठ दिवसांची शिक्षा, म्हणजे साठ दिवसांच्या कमाईइतका दंड. आत जावं लागलं नाही. त्याच महिन्यात मी युनिव्हर्सिटी सोडली आणि सायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आउसबिल्डुंगला, म्हणजे उमेदवारीला, लागलो. आईला सांगितलं, अभ्यास झेपत नव्हता. ते खोटंही नव्हतं.

उज्ज्वल सोडून कोणाला माहीत नाही. तो आता तनयाच्याच ऑफिसात आहे, सॅटेलाइटवाल्यांकडे. पण तो पोटात ठेवणारा माणूस आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

ब्युर्गरआम्टला, म्हणजे नागरिकांच्या सरकारी ऑफिसात, जाऊन अर्ज केला. का केला माहीत नाही. तनयाने शाळेचं पत्र दिलं होतं, ते खिशात चुरगळत होतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मानद काम? श्योन, छान. मग फुकट." बॉनहून थेट घरी येईल, दोन आठवडे.

नोंद येणार, काका वाचणार, तनयाला कळणार. मग मी तिच्यासमोर कोण? अर्ज मागे घ्यायला परत रांगेत उभा राहिलो आणि नंबर यायच्या आत निघून आलो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज वर्गात 'ळ' काढायला लावला. कबीर, आठ वर्षांचा, म्हणतो की हा आवाज काढला की त्याची जीभ आजारी पडते.

तनया बरोबर स्टॉपपर्यंत चालत आली. मध्येच म्हणाली, "छोट्या शिक्षा त्या दाखल्यात येतच नाहीत म्हणे. पहिलीच असेल आणि नव्वद दिवसांपर्यंत असेल तर. लोक उगाच घाबरतात." ती हे मला का सांगत होती कोण जाणे. बहुधा उत्कर्षबद्दल. तो समितीत आहे आणि त्याची गाडी फार जोरात असते. त्याने नक्की काहीतरी केलंय. मला जरा बरं वाटलं, आणि तिला त्याची एवढी काळजी आहे म्हणून लगेच वाईटही वाटलं.

'म्हणे'वर माझा विश्वास नाही. या देशात कागद काही विसरतो होय.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दीनानाथकाका वर्कशॉपमध्ये आले. एबरश्टाटहून चालत. बाहेर भुरभुर पाऊस, खांदे ओले. पूर्वी त्यांची गाडी होती म्हणतात, मग पर्यावरणासाठी विकली. साठी ओलांडलेला माणूस, औषधाच्या कंपनीत मोठ्या पदावर, आणि सगळीकडे पायी.

"अनय, ते चमकणारे पट्टे हवेत. मुलांच्या दप्तरांना लावायचे. अंधार लवकर पडायला लागला."

"किती देऊ काका?"

"शाळेतल्या सगळ्यांना. आणि थोडे जास्त. आया पण सायकली चालवतात."

दरवर्षी घेतात म्हणे, तीन हिवाळे झाले. मी बांधून दिले. मग ते आमच्या स्टँडवरच्या प्रत्येक सायकलचा मागचा दिवा लावून बघत बसले. एक लागेना. ते उठलेच नाहीत. म्हणाले, "हा आधी कर." मी म्हणालो, हे गिऱ्हाईक शुक्रवारी येणार आहे. तर म्हणाले, "आल्झो, मग मी थांबतो." मला राग आला. वायर बदलली, दिवा लागला. तो लाल ठिपका ते कितीतरी वेळ बघत राहिले, देवघरात बघावं तसे. म्हाताऱ्या माणसांचं काही कळत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

आलं. जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो तर पेटीत पांढरं पाकीट.

हिरवट कागद. वर गरुड. माझं नाव, आईचं नाव, नाशिक. आणि खाली एक ओळ. काइने आइनट्रागुंग. नोंद नाही.

मी जिन्यातच बसलो. उलटून पाहिलं, मागे काही नाही. उज्ज्वलला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तुझे साठ आहेत. नव्वदपर्यंतच्या आणि एकट्या शिक्षेला तिथे जागा नाही. रजिस्टरमध्ये आहे, पण या कागदावर येत नाही. आणि ऐक, कायद्यात लिहिलंय, अशा माणसाने स्वतःला शिक्षा न झालेला म्हणवून घ्यावं. कोणी विचारलं तरी सांगायची सक्ती नाही."

"म्हणवून घ्यावं?"

"घेता येतं. हक्क आहे तुझा."

मी तो कागद खिडकीत धरला, उजेड आरपार आला. केवढं मोठं सरकार, बॉनमध्ये बसलेलं, माझी सगळी माहिती असलेलं, आणि त्याने माझ्यासाठी तोंड मिटून घेतलं. माझ्या सख्ख्या काकाने मिटलं नसतं. वर्कशॉपला परत गेलो आणि दिवसभर मास्टरला उलट बोललो नाही. त्याने विचारलं, ताप आहे का.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दाखला तनयाला दिला. तिने पाहिला, यादीत खूण केली, परत दिला. "बघ," एवढंच म्हणाली आणि हसली. ते हसू मी आठवडाभर पुरवून वापरणार आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

समितीत चौघांचे दाखले आले. दीनानाथकाकांचा नाही. क्षमाताईंनी, म्हणजे आमच्या उपाध्यक्षांनी, विचारलं, "काका, तुमचा?" "येईल." दोन आठवड्यांपूर्वीही हेच. नियम यांनी करायचे आणि आम्ही रांगेत उभं राहायचं. मी मोठ्याने म्हणालो, "अध्यक्षांना वेगळा कायदा असतो वाटतं." तनयाने माझ्याकडे असं पाहिलं की जीभ गिळावीशी वाटली. काका शांतपणे म्हणाले, "नाही रे. सभेत आणतो."

आणखी एक. दाखला घरी टेबलावर आहे. सुरुवातीला रोज बघत होतो. आता त्यावर वर्तमानपत्र ठेवलंय.

शनिवार, २३ नोव्हेंबर

वार्षिक सभा. जसं झालं तसं लिहितो.

पंचवीस-तीस आईबाप, मागे मुलं, टेबलावर कॉफीचे थर्मास आणि कोणीतरी केलेल्या वड्या. खरं तर दाखले सेक्रेटरीने बघायचे, खूण करायची, संपलं. जर्मन संस्थांत असंच करतात. पण क्षमाताई नगरला मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी ठरवलं की दाखले वाचून दाखवायचे. लोकांना विश्वास वाटतो, म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि सुरू झाल्या, शाळेच्या बक्षीस समारंभासारख्या.

"तनया. नोंद नाही." टाळ्या.

"उत्कर्ष. नोंद नाही." टाळ्या. म्हणजे त्याने काहीच केलेलं नव्हतं.

स्वतःचाही वाचला. टाळ्या. मग, "आपला सगळ्यांत तरुण उमेदवार. चौदा मुलं याच्याकडे शनिवारी धावत येतात. अनय. नोंद नाही." आणि टाळ्या सगळ्यांत जास्त. मागून मुलांनी बाकं वाजवली. क्षमाताईंनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला, गरुडासकट.

मला त्या माणसाच्या हाताचा आवाज ऐकू आला. खरंच. टाळ्यांच्या मधून.

मी उभा राहिलो. काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. ट्रॅम, ढकललं, मनगट, साठ दिवस. म्हणालो, कागद खोटा नाही, पण टाळ्या परत घ्या.

थर्मासमधून कॉफीचा थेंब पडत होता, तो ऐकू येत होता. मी तनयाकडे पाहिलं. ती अजिबात दचकली नव्हती. जबरदस्त धक्का बसला असणार, चेहरा हलेनासा झाला असणार.

पहिले चंद्रशेखर उठले. त्यांची मुलगी मैत्रेयी माझ्या वर्गात आहे. "एक मिनिट. माझी मुलगी दीड वर्षं याच्यासमोर बसते. हे आज कळतंय?"

उत्कर्ष म्हणाला, "कायद्याने त्याने सांगायची गरज नव्हती."

"कायद्याचं मला सांगू नका हो. मी बाप म्हणून बोलतोय."

"चंद्रशेखर, बसा," क्षमाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मुख्याध्यापिकेचा. "अनय, मुलांवर हात उचललास कधी?"

"नाही."

"आवाज?"

"चढतो. कधीकधी."

मागून कबीर म्हणाला, "मांखमाल." कधीकधी, म्हणून माझ्याच बाजूने साक्ष दिली. दोन-तीन जण हसले आणि लगेच गप्प झाले.

तेवढ्यात दीनानाथकाका उभे राहिले. "क्षमा, माझा दाखला राहिला."

"काका, आत्ता हे चाललंय ना, तुमचं नंतर—"

"हेच चाललंय. वाच."

पाकीट फोडलेलं होतं. क्षमाताईंनी कागद उलगडला, तोंड उघडलं आणि मिटलं. कागद खाली ठेवला. "मला नाही वाचता येणार."

"मग मी सांगतो." काकांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. "यात नोंद आहे. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात स्टुटगार्टला कामासाठी गेलो होतो. संध्याकाळचे पाच. चढाचा रस्ता, वळण. मी फोनकडे पाहिलं नव्हतं, दारू प्यायलो नव्हतो. नुसता विचारात होतो. पुढे एक बाई सायकलवर होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या. त्या गेल्या. निष्काळजीपणे मृत्यू, एकशेवीस दिवस. नव्वदच्या वर, म्हणून इथे लिहिलंय."

क्षमाताईंनी चष्मा काढून ठेवला.

"नियम मी लिहिलाय. 'कोणत्याही' हा शब्द मी घातला. तेव्हा दोघांनी सांगितलं होतं, काका, काढा तो. मी ऐकलं नाही. मला वाटायचं, आपल्यासारख्या माणसांच्या नावावर काय असणार."

चंद्रशेखरच म्हणाले, आणि अगदी वेगळ्या आवाजात, "काका, नियम बदलता येतो. आत्ता. हात वर करून."

"येतो की. पण माझ्यासाठी नका बदलू. मी गेल्यावर बदला." खिशातून हॉलच्या किल्ल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आठवडाभर पाकीट फोडून बसलो होतो, अनय. आज सकाळी ठरवलं होतं, प्रकृतीचं कारण सांगून राजीनामा द्यायचा. तू उभा राहिलास आणि ते कारण सांगायची मला लाज वाटली."

ते कोट घालून निघाले. दारात मुलांनी वाट दिली. मी आयुष्यात रागावलेली माणसं खूप पाहिली आहेत, मी त्यांतलाच. पण स्वतःच केलेल्या नियमाखाली असं सरळ चालत जाणारा माणूस पाहिला नव्हता. हॉल मला एकदम उंच वाटायला लागला, चर्चसारखा. मी बसायचंही विसरलो. आणि गेल्या आठवड्यात मी या माणसाला काय बोललो होतो.

माझ्या निवडीवर मतदान झालं. एकोणीस बाजूने, सहा विरोधात. चंद्रशेखर माझ्यापाशी आले. "मी विरोधात दिलं. तोंडावर सांगतो."

"बरं केलंत."

"मैत्रेयी पुढच्या शनिवारी येईल. आवाज खाली."

"हो."

तनयाने खुर्च्या लावताना माझ्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर, आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, तू बोलशील." का वाटलं होतं, ते विचारायचं मला सुचलंच नाही.

रविवार, १ डिसेंबर

काकांकडे गेलो. समितीची पहिली बैठक काल झाली, ते सांगायला. मी ठराव मांडला: तो शब्द काढायचा, आणि नोंद असलेल्या माणसाला सभेने आधी ऐकून घ्यायचं, मग ठरवायचं. चारही हात वर झाले. वसंतात सभेपुढे जाईल.

त्यांनी आल्याचा चहा केला. घर नीटनेटकं, एकट्या माणसाचं. काकू दोन वर्षं पुण्यात आहेत, सासूबाईंच्या आजारपणासाठी, असं शाळेत सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंच्या फोटोला हार होता, तो बराच जुना दिसत होता.

मी म्हणालो, "वसंतात परत या काका. आम्ही सगळे तुम्हाला मत देऊ."

"बघू." त्यांनी माझ्या कपात साखर घातली, न विचारता. "तुला एक विचारू? तो तपासनीस. त्याचं मनगट बरं झालं का?"

दोन वर्षं मी त्या मनगटाबद्दल रोज विचार केलाय. माझं काय होणार, या बाजूने. त्याच्या बाजूने एकदाही नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

काकांनी चहा ढवळला. "मला त्या बाईंच्या मुलीने भेटायला बोलावलं होतं एकदा. गेलो. दोन तास बसलो. तिला काय विचारायचं, तेच मला कळेना. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं." मग म्हणाले, "तुझा माणूस जिवंत आहे, अनय. तुला विचारता येतं."

शुक्रवार, ६ डिसेंबर

गेलो.

तपासनिसाचं नाव कोर्टाच्या पत्रावर होतं. आधी चिठ्ठी पाठवली होती, ट्रॅमच्या ऑफिसच्या पत्त्यावर, जर्मनमध्ये, उज्ज्वलकडून तपासून न घेता. माझ्या चुका माझ्याच असू देत म्हटलं. लिहिलं की भेटायची इच्छा आहे, नाही म्हणालात तर समजेन. काल उत्तर आलं: शुक्रवार, तीन वाजता, हरवलेल्या वस्तूंचा काउंटर.

तो आता तिथे बसतो. छत्र्या, हातमोजे, एक व्हायोलिनची पेटी, लहान मुलांच्या टोप्या. मला वाटलं होतं माणूस मोठा असेल. ट्रॅममध्ये मोठा वाटला होता. माझ्यापेक्षा बारीक, पन्नाशीचा, चष्मा. नाव ब्रांडल. मी माफी मागितली. पाठ करून गेलो होतो, तरी मध्ये अडखळलो. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

त्याने उजवा हात काउंटरवर पालथा ठेवला आणि हळूहळू उताणा करायला लागला. अर्ध्यावर थांबला. "इथपर्यंत," तो म्हणाला. "सुट्टे पैसे हातात घ्यायचे तर तळवा वर आला पाहिजे. येत नाही. बाकी चालतं."

मी त्या हाताकडे बघत राहिलो. एका ढकलण्यात एवढंच गेलं होतं, तळहाताचा वरचा अर्धा वळसा. आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही काय करता हल्ली?" त्याने विचारलं.

"सायकली दुरुस्त करतो. शनिवारी मुलांना माझी भाषा शिकवतो. आता शाळेच्या समितीत आहे."

"तिथे दाखला मागतात ना?"

"मागतात."

"काय आलं त्यात?"

विचारण्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. मी म्हणालो, "काही नाही आलं. नोंद नाही. पण मी त्यांना सांगितलं."

त्याने मान हलवली. "हो, हो. माझ्या डॉक्टरच्या कागदातही आता काही नाही. दुखापत बरी झाली, असं लिहिलंय. त्यावर सहीसुद्धा आहे." आणि तो किंचित हसला. मी हसू शकलो नाही.

मागे एक आजी छत्री शोधायला आल्या होत्या, म्हणून मी बाजूला झालो. निघताना त्याने हात पुढे केला. डावा. मीही माझा डावा पुढे केला.